रंगापासून सुरुवात

जुनी गाडी घेतल्यावर दुरुस्तीला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न मी अकरा माणसांना विचारला. मोजून अकरा. त्यात एक न्हावी होता आणि एक दंतवैद्य. दंतवैद्याने माझ्या तोंडात दोन्ही हात घालून "आधी इंजिन बघा" असं सांगितलं, आणि त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. ज्यांना विचारायला हवं होतं ते बारावे गृहस्थ माझ्याच घरात, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत दिवसभर बसून होते. चौतीस वर्षं प्रवासी बस चालवलेले. माझे वडील. त्यांना विचारलं नाही, कारण वडिलांना काय विचारायचं? ते घरातच असतात.

गाडी हौसेनं घेतली नव्हती. तोंडातून शब्द गेला म्हणून घेतली.

बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, डोंगरापलीकडे राहायची. एकशे दहा किलोमीटर. नऊ वर्षं दोघांची भेट नव्हती, कारण बाबांच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नव्हती आणि आत्याला अंथरूण सोडवत नव्हतं. दर रविवारी सकाळी नऊला तिचा फोन यायचा, तेवढाच आधार. मग एके दिवशी आतेभावाचा फोन आला. डॉक्टरांनी तिच्याबाबत स्पष्ट सांगितलं होतं. दोन महिने, फार तर तीन. "मामाला भेटायचंय म्हणते. मी गाडी पाठवतो," तो म्हणाला.

आतेभावाकडे दोन गाड्या आहेत. ही गोष्ट तो कधीच सांगत नाही. तो फक्त "कुठली पाठवू?" असं विचारतो.

"पाठवू नकोस," मी म्हणालो. "आम्ही आमच्या गाडीनं येतो."

त्या वेळी आमच्याकडे गाडी नव्हती. आमच्याकडे एक सायकल होती, आणि तिचंही पुढचं चाक शेजाऱ्यांनी नेलं होतं.

"अहो, टॅक्सी करा ना," बायको म्हणाली. "सकाळी निघालात तर जेवायला पोचाल."

"टॅक्सीनं जायला ते काय स्टेशन आहे? सख्खी बहीण आहे त्यांची."

या वाक्याला काहीही अर्थ नाही, हे मला बोलता बोलताच कळलं होतं. पण मी ते इतक्या जोरात म्हणालो की मागे घेणं शक्य नव्हतं. आमच्यासारख्या माणसांचे निम्मे निर्णय आवाजाच्या पट्टीवर होतात. बायको गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा तारीख लिहून ठेवते.

चार दिवसांत गाडी मिळाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांची, निळी, पाच वर्षं झाडाखाली उभी. "गाडी तशी उत्तम आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "फक्त चालत नाही." अशा प्रामाणिकपणाला मी भुललो. किंमत एवढी कमी होती की संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. दोरीनं ओढत ती आमच्या इमारतीच्या आवारात आणली. आवार फाटकाकडे उतरतं, म्हणून चाकाला वीट लावली. त्या विटेचा पुढे संबंध येतो.

संध्याकाळपर्यंत गाडीभोवती आठ माणसं जमली. माणूस आजारी पडला तर आमच्या इमारतीत दरवाजे लागतात. गाडी बंद पडली तर उघडतात. तळमजल्यावरचे शेजारी सगळ्यांत पुढे. यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्याची नोकरी केली, म्हणून आम्ही त्यांना ऑडिटर म्हणतो. निवृत्त झाल्यापासून ते हे काम विनामूल्य करतात.

"आधी कागदपत्रं," ऑडिटर म्हणाले.

"इंजिन," दुसरा म्हणाला.

"टायर हो. टायरच नाहीत तर इंजिन काय डोक्यावर घेणार?"

"बॅटरी."

"विकून टाका," इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले. आज मागे वळून पाहता त्या दिवशीचा सगळ्यांत जाणता माणूस तोच ठरतो, आणि हे मी नाइलाजानं लिहितोय, कारण तो माणूस मला बिलकुल आवडत नाही.

एवढ्यात वरून आवाज आला, "ब्रेक!"

सगळ्यांनी वर पाहिलं. बाबा गजांना धरून उभे होते.

"आधी ब्रेक बघ. गाडी चालली नाही तर तू घरी बसशील. थांबली नाही तर बसायला घर राहणार नाही."

"बाबा, ती अजून चालतसुद्धा नाही. थांबायचं काय घेऊन बसलात?" मी म्हणालो. लोक हसले. मीही हसलो. बाबा खाली बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्र कालचं होतं.

रविवारी आत्याचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवतात. सगळ्या घराला ऐकू जातो.

"दादा, गाडी घेतलीत म्हणे! कुठला रंग?"

"निळा आहे. फिका."

"निळी काय कामाची? इथं दर तिसरी गाडी निळी. माझ्या खाटेवरून ते वळण दिसतं बघ, टाकीपाशी. पिवळी करा. चांगली ठसठशीत. वळणावर पिवळं दिसलं की मी उठून बसेन, नुसती पडून नाही भेटायची तुला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं ज्यांनी एकाही मंत्र्यासाठी, एकाही साहेबासाठी बस थांब्याबाहेर थांबवली नाही, ते बहिणीपुढे एका मिनिटात विरघळले.

"पिवळी करू," ते म्हणाले. मग फोन ठेवून मला म्हणाले, "ब्रेक झाल्यावर."

ब्रेकवाला मिस्त्री गावाला गेला होता. रंगारी मोकळा होता. आता यात माझा काय दोष? असेलच तर एवढाच, की मला दिसेल असं काहीतरी व्हायला हवं होतं. ब्रेक कोणाला दिसतात? रंग आतेभावाला दिसणार होता.

रंगारी बोलका होता. "साहेब, रंग म्हणजे गाडीची अब्रू," तो म्हणाला. हे मला फार पटलं. अब्रूच्या मुद्द्यावर मी कोणालाही कितीही दिवस देतो. त्याला एकवीस दिवस लागले. घासणं, भरणं, पुन्हा घासणं. पण झाला तेव्हा रंग असा काही झाला की आवारात उन्हाची गरज राहिली नाही. बायकोनंसुद्धा वाटेनं जाता जाता दोनदा वळून पाहिलं. फोनवर आत्याला सांगितलं तेव्हा ती हसली, आणि हसताना तिला खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

"कधी निघताय?" तिनं विचारलं.

"पुढच्या रविवारी," मी फोन हातात घेऊन म्हणालो. हे वाक्य मी त्यानंतर आणखी पाच रविवार म्हणालो. बाबांनी ते एकदाही म्हटलं नाही. बस सुटायची वेळ माहीत नसेल तर ती प्रवाशाला सांगायची नाही, असा त्यांचा नियम होता. रोजच्या नोंदवहीत त्यांनी आयुष्यात एक खोटा किलोमीटर लिहिला नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि त्यांच्या साहेबांना मनस्ताप.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर गाडी बघायला आले. मागचं दार उघडून आत बसले, छत्री दोन पायांमध्ये टेकवली आणि "वा" म्हणाले. त्या "वा"बरोबर छत्री गाडीच्या तळातून खाली गेली. वीतभर. आवारातल्या फरशीला टेकली तेव्हा थांबली.

"तुमच्या गाडीला तळ नाही," ऑडिटर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं समाधान कधी पाहिलं नव्हतं. मोठा घोटाळा हाती लागला होता.

पायपुसणी काढली. खाली गंज होता, आणि जिथं गंज नव्हता तिथं जमीन होती. मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." शाळेतही ते असेच असणार.

वेल्डर आला. हा अबोल होता. गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं विचारलं, "रंग आधी दिला?"

"हो."

"का?"

याचं उत्तर मी एका अनोळखी माणसाला काय देणार? आत्या, वळण, टाकी? "असंच," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. जो माणूस कणकीचा गोळा आधी तव्यावर टाकून मग लाटायला घेतो, त्याच्याकडे आपण जसं पाहू तसं.

तळाला पत्रा मारताना ठिणगी आसनाच्या भुशात गेली. भुसा पेटला. बादल्या आल्या, वाळू आली, सेक्रेटरी आले. वेल्डर शांतपणे म्हणाला, "आसनं काढून ठेवायची असतात." हे सांगायची वेळ त्यानं बरोबर निवडली होती. डाव्या बाजूचा पिवळा रंग दुधावरच्या सायीसारखा फुगून आला आणि मग सुरकुतला. तळातून जाणाऱ्या तारा वितळून एकमेकींना चिकटल्या. त्या दिवसापासून उजवा दिवा लावला की भोंगा वाजायचा आणि भोंगा दाबला की काहीच व्हायचं नाही. सेक्रेटरींनी संध्याकाळी फलकावर सूचना लावली: "आवारात ज्वालाग्राही वस्तू ठेवू नयेत." वस्तूचं नाव लिहिलं नव्हतं. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

मग गॅरेजवाला. त्यानं इंजिन साखळीनं वर उचललं आणि बाहेर काढताना ते बॉनेटच्या कडेवर ठेवलं. "थोडं चेपलंय," तो म्हणाला. "पण तुम्ही रंग आधी का दिलात?" मला आता स्वप्नातही लोक हेच विचारत होते. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता, हे मी रागातसुद्धा मान्य करतो. रंगाऱ्यानं रंग चांगला दिला. वेल्डरनं पत्रा चांगला मारला. गॅरेजवाल्यानं इंजिन जीव ओतून बांधलं. फक्त जो तो आधीच्याचं काम मोडून आपलं करत होता, आणि या सगळ्यांना एकापाठोपाठ बोलावणारा गाढव मी होतो.

बाबा खिडकीतून पाहायचे. एकदाच मला म्हणाले, "ती फोनवर पहिल्यासारखं भांडत नाही रे आता." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी निघूच." ते म्हणाले, "तारीख देऊ नकोस. काम सांग."

मधल्या काळात मी परिवहन कार्यालयात चार फेऱ्या मारल्या. गाडीच्या योग्यतेचा दाखला संपला होता. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला, मग मी अभिमानानं दाखवलेला गाडीचा फोटो पाहिला.

"कागदावर निळी आहे."

"रंग दिलाय."

"मग ही ती गाडी नाही."

"तीच आहे हो. रंगवली."

"परवानगी?"

"रंगवायला परवानगी?"

"रंगबदलाची नोंद करून घ्या. त्यासाठी गाडी तपासणीला आणा."

"आणतो. आज आणू?"

"रस्त्यावरून कशी आणाल? दाखला कुठाय?"

"दाखल्यासाठीच तर आणायची!"

"कागदावर निळी आहे," बाई म्हणाल्या, आणि माझ्या मागच्या माणसाकडे पाहू लागल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. खिडकीच्या आत बसलं की जग गोल दिसतं. बाहेर उभं राहिलं की ते गोल आपल्याभोवती फिरतं.

नवव्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, इंजिन चालू झालं.

हा क्षण मी विसरणार नाही, आणि इमारतीतलं कोणीही मला तो विसरू देणार नाही. गॅरेजवाल्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "बसा साहेब. तुमचा मान." मी बसलो. आसन नव्हतं, उलटा डबा होता. किल्ली फिरवली. गाडी शिंकली, खोकली आणि गरजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीसुद्धा फुलझाडांना पाणी घालताना थांबले. बाबा खिडकीत उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे पाहून हात हलवला. अशा वेळी माणसानं हात हलवू नये. गाडी थरथरत होती, आणि त्या थरथरीनं चाकाखालची वीट सरकली.

मी ब्रेक दाबला. पाय तळापर्यंत गेला. तळ नवा होता, म्हणून पाय तिथं थांबला. गाडी थांबली नाही.

ती फार वेगात गेली असं नाही. आता वाटतं वेगात गेली असती तर बरं, लवकर संपलं असतं. ती चालत्या माणसाच्या वेगानं, डौलात, उताराला लागली. ऑडिटर बाजूनं चालत मला सूचना देत होते. "हँडब्रेक ओढा!" ओढला. हातात आला. "भोंगा दाबा!" दाबला. अर्थातच काही झालं नाही. घाबरून मी दिवा लावला, तेव्हा भोंगा वाजला. सेक्रेटरींच्या सात कुंड्या, त्यांची पाण्याची झारी आणि सूचनेचा फलक यांना बरोबर घेऊन गाडी फाटकाला टेकली. माझ्या मांडीवर फलकातला कागद येऊन पडला. ज्वालाग्राही वस्तूंबद्दलचा.

सगळं शांत झाल्यावर मी वर पाहिलं. बाबा "मी म्हणालो होतो" असं म्हणतील याची मी वाट पाहत होतो. ते म्हणाले असते तर मी भांडलो असतो, आणि मला भांडायचंच होतं. ते फक्त म्हणाले, "लागलं का रे तुला?"

दुसऱ्या दिवशी रविवार. नऊ वाजले. फोन वाजला नाही. बाबा फोन मांडीवर घेऊन बसले होते. सव्वानऊला त्यांनी विचारलं, "हा चालू आहे ना?" मी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावून दाखवला. तो वाजला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला आणि माझं नाव दिसल्यावर विझला. असं काही दाखवू नये कोणाला.

साडेदहाला आतेभावाचा आला. "आईनं कालपासून काही घेतलेलं नाही. यायचं तर आज या. मी गाडी—"

"नको," बायकोनं माझ्या हातून फोन घेतला. "आम्ही निघतोय." तिनं फोन ठेवला, दुसरा लावला, आणि वीस मिनिटांत दाराशी टॅक्सी उभी राहिली. नऊ आठवडे मी ज्या प्रश्नाशी झगडत होतो तो तिनं दोन फोनमध्ये सोडवला आणि मला टोमणाही मारला नाही. तारीख तिच्याकडे लिहिलेली होतीच.

बाबांना खुर्चीत बसवून खाली आणताना टॅक्सी पाहून मी जिन्यातच थबकलो. आमच्याच गाडीची बहीण. तीच बनावट, आमच्यापेक्षा तीन वर्षांनी जुनी. एक दार दोरीनं बांधलेलं. आसनावर टॉवेल. पायाखाली मुठीएवढं भोक, त्यातून रस्ता पळताना दिसत होता. बाबा पुढे बसले. डोंगराचा उतार लागला, पहिलं वळण आलं, ड्रायव्हरनं पाय टेकवला आणि गाडी गरीब गाईसारखी हळू झाली. बाबांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकली.

"ब्रेक छान ठेवलेत," ते म्हणाले.

"दुसरं काय ठेवायचं हो?" ड्रायव्हर म्हणाला. "बाकीचं पडलं तर मागे जाऊन उचलून आणता येतं."

मी मागे बसून भोकातून रस्ता पाहत होतो.

अडीच तास लागले. टाकीपाशी वळलो तेव्हा वरच्या खिडकीत कोणी दिसलं नाही. आतेभाऊ खाली आला, टॅक्सीकडे एकदा पाहिलं आणि बाबांना वर न्यायला खुर्ची आणली. मला तो त्या क्षणी पहिल्यांदा बरा माणूस वाटला, आणि त्याचाही मला राग आला.

आत्या खाटेवर होती, लहान मुलाएवढी झालेली. बाबा तिच्याजवळ बसले. तिनं डोळे उघडले, बराच वेळ पाहिलं.

"म्हातारा झालास की रे दादा."

"तू नाही झालीस."

"पिवळी आणलीत?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आणली ना. खाली उभी आहे."

ज्या माणसानं एक खोटा किलोमीटर लिहिला नाही, त्यानं.

"मला बघायचीय."

"राहू दे ग आई," आतेभाऊ म्हणाला. पण तिनं कधी कोणाचं 'राहू दे' ऐकलंय? बाबांनी आणि त्यानं मिळून तिला उचलून खिडकीशी धरलं. खाली टॅक्सी उभी होती. राखाडी, मळकी, दोरी बांधलेली. मला वाटलं तिचे डोळे गेले असतील. नव्हते गेले. आत्याचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते, ती त्यांचा इतका उपयोग करायची की खराब व्हायला त्यांना वेळच नव्हता.

"ही पिवळी?" ती म्हणाली.

"उन्हानं उडाला," बाबा म्हणाले.

आत्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "याला शाळेत असल्यापासून रंग कळत नाहीत. चित्रात पिकला आंबा हिरवा काढायचा. याला कशाला सांगितलंस रंगवायला?"

"चुकलंच," बाबा म्हणाले.

"पण आणलंन तुला," ती म्हणाली, आणि दमली.

आम्ही दोन दिवस राहिलो. टॅक्सीवालाही राहिला, बिचारा गाडीत झोपला. त्यानंतर आठ दिवसांनी आत्या गेली. तेव्हाही त्याच टॅक्सीनं गेलो. ती गेली ती मला रंग कळत नाही हे मत घेऊन. आता ते कोणाकडे जाऊन खोडून काढू?

महिनाभर गाडी फाटकाशी तशीच उभी होती, अर्धी पिवळी, अर्धी जळकी. कोणी सल्ला देईना. ऑडिटरसुद्धा छत्री दुसऱ्या हातात घेऊन लांबून जायचे. मग एका सकाळी बाबा जिना उतरून खाली आले. एक एक पायरी, बसून, उठून. पाऊण तास लागला. गाडीला हात लावून उभे राहिले.

"ब्रेकपासून घे," ते म्हणाले. "आता घाई नाही."

"बरं," मी म्हणालो.

"आणि रंग शेवटी."

"बरं. पिवळाच ना?"

"राखाडी," बाबा म्हणाले. "तिनं पाहिली तशी."

ब्रेक झाले. तारा झाल्या, आसनं झाली. शेवटी रंगारी आला. या खेपेला तो अब्रूबद्दल काही बोलला नाही, फक्त राखाडीचे चौदा नमुने माझ्यापुढे पसरले. मला चौदाही सारखेच दिसत होते. आत्याचं काही अगदीच खोटं नव्हतं. म्हणून मी टॅक्सीवाल्याला फोन केला आणि त्याच्या गाडीच्या राखाडी रंगाचा नंबर विचारला.

त्यानं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

"साहेब," तो म्हणाला, "ती पांढरी आहे."